गाडी चोरीला गेली, विम्याचे पैसे पूर्ण कसे मागायचे?



या वेळच्या पानात शेळीपालनही नाही आणि परसबागही नाही. गाडीच्या विम्याबद्दल लिहितेय. "आमच्याकडे कुठली गाडी!" म्हणून पान उलटू नका. गेल्या वर्षभरात ज्या गटांच्या बैठकांना मी बसले, तिथे कर्जमागणीच्या अर्जांत म्हशीच्या खालोखाल स्कूटी, जुनी व्हॅन, छोटा टेम्पो हीच नावं ऐकली. म्हैस घेतली की आपण विम्याचा बिल्ला तिच्या कानात नीट बसलाय का ते चारदा बघतो. गाडीच्या विम्याचा कागद मात्र एजंटने हातात दिला की तशीच घडी घालून डब्यात, रेशनकार्डाखाली.

आपल्याच एका गटातल्या माईंची व्हॅन चोरीला गेली होती. त्यांचे विम्याचे पैसे गेल्या महिन्यात जमा झाले. आठ महिने लागले. सुरुवातीला कंपनी देत होती त्यापेक्षा माईंनी ७९,००० रुपये जास्त घेतले आणि तेही वकील न लावता. हे कसं झालं ते नीट समजून घ्यावं, म्हणून त्यांच्या परवानगीने लिहितेय. नाव-गाव द्यायचं नाही, एवढीच त्यांची अट आहे. कंपनीचं नावही मी देत नाही. तुमची कंपनी कुठलीही असो, मुद्दे तेच राहतात.

त्या रात्री काय झालं

तालुक्याच्या गावी लग्न होतं. काकांनी (माईंचे मिस्टर) व्हॅन मंगल कार्यालयाच्या बाहेर लावली, कुलूप केलं, चावी खिशात. रात्री अकराला बाहेर आले तर जागा रिकामी. आधी वाटलं, वऱ्हाडातल्या पोरांनी चेष्टा केली असेल. अर्धा तास शोधाशोध झाली. मग माईंनीच ११२ ला फोन लावला. हा फोन फार कामाला आला, कारण पोलीस ठाण्यात त्या रात्री "सकाळपर्यंत बघा, मिळून जाईल" असं सांगून त्यांना परत पाठवलं. गुन्हा दाखल झाला दुसऱ्या दिवशी दुपारी. पण चोरी कळवली कधी, याचा पुरावा ११२ च्या कॉलमुळे रात्रीचाच राहिला.

इथे थोडं कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदवतात. जुनं कलम ३७९ अजून अनेकांच्या तोंडात आहे, त्याने गोंधळू नका. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं कुणी म्हटलं तर झिरो एफआयआर मागा. कुठल्याही ठाण्यात फिर्याद घ्यावी लागते, नंतर ती योग्य ठाण्याकडे जाते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. फिर्याद घेतलीच नाही, तर तीच हकीकत लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. पोस्टाची पावती जपून ठेवायची.

एफआयआरवर सही करण्याआधी चार गोष्टी वाचून घ्या: गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर, आणि चावी कुणाकडे होती ते. माईंच्या एफआयआरमध्ये चेसिस नंबरचा एक आकडा चुकला होता. तिथल्या तिथे दुरुस्त झाला म्हणून ठीक. विमा कंपनीच्या टेबलावर हाच एक आकडा दोन महिने खाऊ शकतो.

त्याच दिवशी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करा. तुमचा क्लेम नंबर मिळेल, तो लिहून घ्या, आणि फोनवर सांगितलं तेच ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टानेही कळवा. उशीर झाला म्हणून क्लेम नाकारण्याची कंपन्यांना जुनी सवय आहे. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलंय की पोलिसांत फिर्याद लगेच दिलेली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. निकाल आपल्या बाजूचा आहे, तरी त्याच्या भरवशावर उशीर करू नका. कोर्टाचं नाव घ्यायची वेळच येऊ नये.

आणखी दोन पत्रं माईंनी पहिल्याच आठवड्यात दिली. एक आरटीओला, म्हणजे ती गाडी कुणाच्या नावावर चढवू नये म्हणून. दुसरं कर्ज देणाऱ्या बँकेला. हे दुसरं पत्र दिलं म्हणजे कर्जाचा हप्ता थांबतो असं अजिबात नाही. गाडी गेली तरी हप्ता चालूच राहतो, आणि चुकवला तर सिबिल तुमचंच बिघडतं. फास्टॅग असेल तर टोल कापल्याचा मेसेज येतो का यावर नजर ठेवा. आला तर आधी पोलिसांना दाखवा, मग टॅग बंद करा.

"मालक कुठे आहेत?"

पंधरा दिवसांनी कंपनीचा तपासनीस घरी आला. दारातच विचारलं, "मालक कुठे आहेत? त्यांना बोलवा." माई म्हणाल्या, "माझे मालक शेतात आहेत. गाडीची मालक मीच आहे, बसा." हे त्यांनी बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्या इतक्या हसल्या की पुढचा विषय सुरू व्हायला दहा मिनिटं गेली. पण यात हसण्यापलीकडचं एक आहे. आरसी बुकावर ज्याचं नाव, पॉलिसीवर ज्याचं नाव, क्लेम त्याचाच. जबाब त्यानेच द्यायचा, सही त्यानेच करायची, पैसेही त्याच्याच खात्यात येणार. तुमच्या नावावर गाडी असेल तर माहितीही तुम्हालाच पाहिजे. "यांना विचारून सांगते" हे उत्तर तिथे चालत नाही.

तपासनीस गोड बोलतो. चहा घेतो. मग सहज विचारतो, "गाडी भाड्याने पण जात असेल ना, ताई? एवढी मोठी गाडी दारात उभी ठेवून काय करणार?" माईंनी खरं ते सांगितलं: घरची कामं, बाजार आणि रात्री-अपरात्री शेजारचं कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात नेतो, ते पेट्रोल टाकतात. त्याने कागदावर लिहिलं, "वाहन भाड्याने प्रवासी वाहतुकीसाठी वापरतात." आणि सहीसाठी कागद पुढे केला.

माई सातवी शिकलेल्या आहेत. वाचायला वेळ लागतो. त्यांनी वेळ घेतला. "मी हे बोलले नाही, मी बोलले तसं लिहा," म्हणाल्या. तो म्हणाला, अर्थ तोच आहे. "मग तेच शब्द लिहायला तुमचं काय जातंय?" शेवटी त्याने वाक्य खोडून नीट लिहिलं, खोडाखोडीवर दोघांच्या सह्या झाल्या, आणि माईंनी मुलाकडून त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. पुढची सगळी लढाई या फोटोवर जिंकली.

या वाक्याचं एवढं महत्त्व का? खासगी गाडीची पॉलिसी घेऊन ती भाड्याने चालवणं हा पॉलिसीच्या अटींचा भंग आहे. म्हणून खोटं बोलू नका, आणि कुणी तुमच्या तोंडी खोटं घालत असेल तर तेही घालू देऊ नका. दोन्ही सारखंच महाग पडतं. खरोखर भाड्याने चालवत असाल तर परवाना पिवळ्या पाटीचा घ्या आणि विमाही तसाच घ्या. प्रीमियम जास्त लागेल, पण क्लेमच्या वेळी घाम फुटणार नाही.

तपासनीसाने दोन्ही चाव्या मागितल्या, त्या दिल्या. पावती घेतली. दुसरी चावी हरवलेली असेल तर ती हरवली तेव्हाच पोलिसांत आणि कंपनीला कळवून ठेवायला हवं. चोरीनंतर सांगितलं तर संशयच येणार. आत्ता उठून बघा, तुमच्या गाडीची दुसरी चावी कुठे आहे.

समरीची वाट

यानंतरचा काळ नुसता वाट बघण्याचा असतो. गाडी सापडली नाही तर पोलीस कोर्टात 'अ' समरीचा अहवाल देतात. म्हणजे गुन्हा खरा आहे, पण तपास लागत नाही. (ब समरी म्हणजे फिर्यादच खोटी. आपल्या कागदावर कुठलं अक्षर आहे ते बघून घ्या!) कोर्टाने ती मंजूर केल्याचा कागद मिळेपर्यंत कंपनी सहसा पैसे देत नाही. माईंना यात पाच महिने लागले. दर सोमवारी बाजाराला गेल्या की त्या ठाण्यात डोकावून यायच्या. भांडायला नाही, नुसतं विचारायला. तिथल्या हवालदारांनाच शेवटी वाटलं की या बाईंचं काम एकदाचं करून टाकू.

या काळात गाडी सापडली तर कोर्टाच्या आदेशाने सुपूर्तनाम्यावर ती परत घेता येते, आणि मोडतोड झाली असेल तर तिचा क्लेम करता येतो. क्लेमचे पैसे मिळाल्यावर सापडली, तर मात्र गाडी कंपनीची. म्हणूनच पैसे देण्याआधी कंपनी आरटीओच्या २८, २९, ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेते, कर्ज असेल तर ३५ पण. हे फॉर्म देणं बरोबरच आहे. पण त्यावर गाडीचा नंबर भरलेला असू द्या, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा.

आता मुख्य गोष्ट: किंमत

समरी दिल्यावर दहा दिवसांनी फोन आला. "तुमचा क्लेम मंजूर होतोय, अभिनंदन. २,४०,००० रुपये. साडेतीन वर्षं जुनी गाडी आहे, बाजारात एवढीच किंमत येते. होकार द्या, आठ दिवसांत पैसे."

इतक्या महिन्यांनी आलेला असा फोन! घरात सगळे म्हणाले, घेऊन टाक. बाजारात वांगी विकताना आपण काय करतो? गिऱ्हाईक दहा म्हणतं, आपण वीस म्हणतो, पंधराला तुटतं. माईंनाही आधी वाटलं, अडीच लाख मागून बघू. त्यांनी मला फोन केला. मी तेव्हा खरं सांगू तर एवढंच म्हटलं की होकार देऊ नका, पॉलिसीचा कागद घेऊन ग्रामसंघाच्या ऑफिसात या. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मोटार विमा कुणी शिकवला नव्हता. आम्ही दोघींनी मिळून तो कागद पहिल्यांदा ओळ न ओळ वाचला.

कागदावर एक आकडा असतो, आयडीव्ही. मराठीत म्हणायचं तर विमा घेताना दोघांनी मान्य केलेली गाडीची किंमत. माईंच्या पॉलिसीत तो ३,२०,००० होता. आयडीव्ही कशी ठरते? कंपनीने जाहीर केलेल्या नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घट वजा करून. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढे दोघांच्या संमतीने. म्हणजे ५ लाखांच्या गाडीला साडेतीन वर्षं झाली असतील तर आयडीव्ही साधारण ३ लाखांच्या घरात बसते. गाडी जुनी झाल्याची वजावट त्या आकड्यातच झालेली आहे, आणि त्याच आकड्यावर आपण प्रीमियम भरलेला आहे.

पॉलिसीच्या आतल्या बारीक छपाईत याहून मोलाचं वाक्य सापडलं. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत आयडीव्ही हीच बाजारभाव मानली जाईल, तिच्यावर आणखी घसारा लावला जाणार नाही. खासगी गाड्यांच्या नेहमीच्या पॉलिसीत हे वाक्य असतंच, तुमच्याही कागदात शोधा. फोनवरच्या माणसाचं "बाजारात एवढीच किंमत येते" हे बोलणं त्याच्याच कंपनीच्या कागदाने खोटं ठरवलं होतं.

मग कापायचं काय? 'सक्तीची वजावट' म्हणून एक छोटी रक्कम कंपनी कापते. खासगी मोटारीचं इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्यापेक्षा मोठं असेल तर २,०००, दुचाकीला १००. प्रीमियम कमी व्हावा म्हणून तुम्ही स्वतःहून जास्त वजावट मान्य केली असेल तर तीही कापली जाते, आणि ती पॉलिसीत लिहिलेली असते. माईंचा हिशेब: ३,२०,००० वजा १,०००, म्हणजे ३,१९,०००. घासाघीस करायला इथे जागाच नव्हती. भाव विमा घेतला त्या दिवशीच ठरला होता. विचारायचं होतं ते एवढंच, की मधले ऐंशी हजार कुठल्या कलमाखाली गेले.

लेखी मागा

हाच प्रश्न माईंनी ईमेलने विचारला. ईमेल गटाच्या सचिव ताईंच्या मुलीने टाईप करून दिला. उत्तर आलं आणि आम्ही चाटच पडलो. कारणच बदललं होतं! बाजारभावाचा शब्दही नव्हता. लिहिलं होतं की गाडी भाड्याने वापरल्याचं तपासात दिसलं, म्हणून 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने ७५ टक्के रक्कम देत आहोत. ३,२०,००० चे ७५ टक्के म्हणजे बरोबर २,४०,०००.

हे ७५ टक्क्यांचं प्रकरण समजून घ्या, कारण ते दोन्ही बाजूंनी कापतं. पॉलिसीची एखादी अट मोडली, पण चोरी त्यामुळे झालेली नाही, तर पूर्ण क्लेम नाकारण्याऐवजी ७५ टक्क्यांपर्यंत द्यावे, अशी ती पद्धत. खासगी जीप टॅक्सीसारखी वापरताना चोरीला गेली होती, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली अशी ७५ टक्के रक्कम कायम ठेवली. म्हणजे ज्यांची चूक खरंच झाली आहे त्यांना "काहीच मिळणार नाही" असं कंपनीने सांगितलं तर हा निकाल त्यांचा आधार आहे. पण माईंनी अट मोडलीच नव्हती. शेजाऱ्याने दवाखान्यात जाताना पेट्रोल टाकलं म्हणजे भाडं मारलं असं होत नाही, आणि त्यांचा जबाबही तेच सांगत होता.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला हे पत्र गेलं. तुम्हाला नमुना म्हणून उपयोगी पडेल, म्हणून जसंच्या तसं देतेय:

"माझ्या पॉलिसीत आयडीव्ही ३,२०,००० रुपये आहे. आपण २,४०,००० रुपये देऊ केले आहेत. गाडी भाड्याने वापरली असे कारण दिले आहे. माझा स्वाक्षरी केलेला जबाब सोबत जोडला आहे. त्यात भाड्याने वापर असल्याचे कुठेही नाही. आपल्याकडे भाडे घेतल्याचा दुसरा कोणता पुरावा असल्यास त्याची प्रत मला द्यावी. नसल्यास सक्तीची वजावट १,००० रुपये वजा करून ३,१९,००० रुपये मंजूर करावेत. कमी रक्कम द्यायची असल्यास प्रत्येक कपातीसाठी पॉलिसीतील कलम लेखी कळवावे. सर्व कागद आपल्याला मिळाल्याची तारीख आपल्या पोचपावतीवर आहे. विलंबाच्या व्याजाचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे."

बघा, पत्रात रडणं नाही, शिव्या नाहीत, "मी गरीब बाई आहे" हेही नाही. मी पहिल्या खर्ड्यात ते लिहिलं होतं. माईंनी खोडायला लावलं. "गरीब म्हणून नको, पॉलिसी आहे म्हणून द्या म्हणावं." मला तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं.

कंपनीकडे दुसरा पुरावा नव्हताच. मधे एकदा फोन आला, "दोन लाख ऐंशी हजारांवर मिटवू." माईंनी तेही लेखी पाठवायला सांगितलं. ते कधी आलं नाही. तीन आठवड्यांनी ३,१९,००० मंजूर झाल्याचं पत्र आलं.

आता हा फरक घरात काय घेऊन आला ते बघा. गाडीवर बँकेचं कर्ज होतं. गाडी बँकेकडे तारण असते, त्यामुळे आधी बँकेचे १,८६,००० वळते झाले. माईंच्या खात्यात आले १,३३,०००. त्यातून गाडीच्या वेळी गटातून घेतलेल्या अंतर्गत कर्जाचे राहिलेले ४०,००० फिटले. हातात उरले ९३,०००. फोनवरच्या पहिल्या होकाराने २,४०,००० घेतले असते, तर बँक आणि गट भागवून हातात राहिले असते १४,०००. गटातल्या दुसऱ्या दोघींची कर्जं या ४०,००० साठी थांबली होती, म्हणून हा नुसता माईंच्या घरचा विषय नव्हता.

सहीचा कागद

पैसे देण्याआधी कंपनी 'डिस्चार्ज व्हाउचर' पाठवते. त्यावर "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे काही मागणी नाही" असं छापलेलं असतं. रक्कम पूर्ण असेल तर खुशाल सही करा. रक्कम कमी आहे, पण पैशांची नड आहे, तर सहीजवळ "रक्कम मान्य नाही, उरलेल्या रकमेचा हक्क राखून सही करत आहे" असं हाताने लिहा आणि त्याचा फोटो ठेवा. अशा व्हाउचरवर सही झाली म्हणून जास्त रक्कम मागायचा हक्क संपत नाही, असं विमा नियामकाने २०१५ मध्येच कंपन्यांना कळवलेलं आहे. तरी हाताने लिहिलेलं वाक्य असलं की पुढे वाद कमी होतो. कोऱ्या व्हाउचरवर सही मात्र कधीच नाही.

तरीही नाही दिलं तर

माईंचं काम तक्रार अधिकाऱ्याकडेच झालं. तुमचं नाही झालं तर पुढे तीन दारं आहेत. पहिलं, विमा नियामकाचं 'बिमा भरोसा', फोन १५५२५५. इथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे जाते आणि तिच्यावर लक्ष राहतं. दुसरं, विमा लोकपाल. हे मला सगळ्यात आवडलं. फी नाही, वकील लागत नाही, उलट वकील चालतच नाही! आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, आणि त्यांचा निवाडा कंपनीला पाळावाच लागतो. आपल्या राज्यात पुणे आणि मुंबईत कार्यालयं आहेत. तिसरं दार जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आपल्यासारख्यांच्या प्रीमियमच्या रकमेला तिथेही फी लागत नाही. ग्राहक आयोगात केस चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल, मग आयोग असा क्रम ठेवा.

ज्यांना एक रुपयाही मिळणार नाही

हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. थर्ड पार्टी विमा चोरीचे पैसे देत नाही. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. शोरूमवाला सांगतो, "पाच वर्षं विम्याचं टेन्शन नाही." बहुतेक वेळा त्यात स्वतःच्या गाडीचा, म्हणजे 'ओन डॅमेज'चा भाग एकाच वर्षाचा असतो. माईंचं प्रकरण हातात असताना मी माझ्या स्वतःच्या स्कूटीचा कागद काढला. ओन डॅमेज चौदा महिन्यांपूर्वी संपलेला. तुम्हाला शिकवणारी मी, चौदा महिने बिनविम्याची गाडी घेऊन गावोगाव फिरत होते.

जुनी गाडी घेतली असेल तर आणखी एक. गाडी तुमच्या नावावर झाली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर चोरीचा क्लेम अडतो. थर्ड पार्टीचा भाग आपोआप नव्या मालकाकडे येतो, ओन डॅमेजचा येत नाही. खरेदीपासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यायचं. आणि चावी गाडीलाच ठेवून टपरीवर चहा प्यायला जाणं तर सोडाच. कंपनी "काळजी घेतली नाही" म्हणणार, आणि तिथे तिचं म्हणणं अगदीच चूक नसतं.

एजंट कधी कधी म्हणतो, "ताई, आयडीव्ही थोडी खाली घेऊ, प्रीमियम सात-आठशेने कमी बसेल." तेव्हा त्याला विचारा, आयडीव्ही कितीने खाली जाणार? वाचलेले आठशे आणि चोरीच्या दिवशी कमी मिळणारी रक्कम, दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि मग ठरवा.

पुढच्या मासिक बैठकीला घरातल्या प्रत्येक गाडीची पॉलिसी आणा, दुचाकीचीसुद्धा. चार गोष्टी बघू: नाव कुणाचं, ओन डॅमेज कधी संपतो, आयडीव्ही किती, इंजिन-चेसिस नंबर आरसीशी जुळतो का. वाचायला येत नसलं तरी या, आपण जोडीने बसून वाचू. ज्यांची पॉलिसी मिस्टरांच्या किंवा मुलाच्या व्हॉट्सअॅपवर पडली आहे, त्यांनी ती आदल्या दिवशी सचिव ताईंच्या फोनवर मागवून घ्या. माईही येणार आहेत. जबाबाचा तो खोडलेला कागद दाखवायला आणते, म्हणाल्यात.